खुनी कोण ते सांगायचं नाही

पेन्सिल अर्ध्या बोटाएवढी, मागे रबर नसलेली… ग्रंथालयाच्या टेबलावर डब्यात अशा चाळीस-पन्नास कायम असायच्या, लोकांनी पुस्तकाचा क्रमांक लिहून घ्यावा म्हणून, आणि निवृत्तीच्या दिवशी आर्डिसनं त्यातल्या मूठभर उचलून पर्समध्ये टाकल्या होत्या, सगळ्यांदेखत, केक खाता खाता. त्यातली ही बहुधा शेवटची. तिचं टोक कागदावर टेकलेलं होतं पण उमटत काहीच नव्हतं, कारण आर्डिस लिहीतच नव्हती – ती पडद्यावरचा तोच मजकूर तिसऱ्यांदा वाचत होती आणि चष्मा पुसला तर काही बदलेल की काय, असं तिला वाटत होतं. चष्मा पुसूनही बदललं नाही.

‘पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखकाचं तर मुळीच नाही. साधारण १९८७ साल. शिक्षिकांचं एक वसतिगृह आहे, तिथे भूमितीच्या बाईंचा खून होतो. शोध लावणारा पोलीस नाही, गावोगाव पियानोचे सूर लावत फिरणारा माणूस आहे. वसतिगृहाची मालकीण नाकात बोलते. मी दहा वर्षांची होते. मला ते दर शनिवारी वाचून दाखवलं जायचं, फक्त शनिवारी. खुनी कोण ते आम्ही दोघींनी चिठ्ठ्यांवर लिहून कॉफीच्या डब्यात टाकलं होतं. शेवट ऐकायचा राहून गेला. कुणाला माहीत आहे का हे पुस्तक?’

खाली नाव नव्हतं. नुसतं ‘ज.’

जनेल. दुसरं कोण असणार? पियानोवाला एखाद्या दुसऱ्या पुस्तकातही असेल, नाकात बोलणाऱ्या मालकिणी तर पैशाला पासरी, पण कॉफीचा डबा… तो लाल डबा मी स्वतः धुऊन, पुसून, झाकणाला मतपेटीसारखी फट पाडून दिला होता. आर्डिसनं पेन्सिल खाली ठेवली. वाचून दाखवलं जायचं. कोण दाखवायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

रहस्यकथांच्या या वेबसाइटचं काम ती बावीस वर्षं करत होती. सहा-सात निवृत्त माणसांनी हौसेनं सुरू केलेलं हे प्रकरण – कुणी पोस्टमन, कुणी दंतवैद्य, आर्डिस ग्रंथपाल – आता इतकं वाढलं होतं की कुणाला एखादी मालिका कुठल्या पुस्तकापासून वाचायला घ्यावी ते बघायचं असलं की तो इथेच यायचा. लेखकांप्रमाणे याद्या, गावांप्रमाणे याद्या, शोध लावणाऱ्याच्या धंद्याप्रमाणे याद्या: खून उकलणाऱ्या नन, आचारी, जनावरांचे डॉक्टर, माळी. ही धंद्यांची यादी आर्डिसची. आणि एका पानावर हे असले प्रश्न – विसरलेल्या पुस्तकांचे. लोक अर्धीमुर्धी गोष्ट सांगत, कुणीतरी नाव ओळखत असे, मग नावापुढे ‘सापडलं’ अशी हिरवी खूण पडायची, विचारणारा आभार मानायचा आणि निघून जायचा. पुन्हा सहसा कुणी येत नसे. नियम दोनच. खुनी कोण ते सांगायचं नाही, मरणाऱ्यानं विचारलं तरी नाही. आणि ज्याला पुस्तक माहीत आहे त्यानं ताबडतोब सांगायचं; प्रश्न विचारायचे ते फक्त ज्याला माहीत नाही त्यानं. हा दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडणं म्हणजे पत्त्यांच्या डावात दुसऱ्याच्या हातात डोकावण्यासारखंच होतं.

आर्डिसला उत्तर द्यायला एरवी दहा मिनिटं लागत. हा प्रश्न काल दुपारपासून तसाच पडून होता, कारण काल ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, आणि बाकीच्यांना तो सुटणं शक्य नव्हतं – पियानोवाला तिनं त्या यादीत कधी घातलाच नव्हता. न्हाव्यांपासून घड्याळजींपर्यंत सगळे घातले, तेवढा तो सोडून. राहून गेला, असं ती स्वतःला सांगत आली होती. पुस्तक मात्र जेवणाच्या खोलीतल्या कपाटात, टेबलक्लॉथच्या घड्यांखाली होतं. एकशेएक्क्याण्णवाव्या पानात खूण घातलेली.

तिनं उत्तराच्या चौकोनात लेखिकेचं नाव टाइप केलं. मग पुस्तकाचं. आता नुसतं बटण दाबायचं… दाबलं की हिरवी खूण. जनेल आभार मानणार आणि जाणार. सदतीस वर्षांनी ती या दारात आली होती, अर्धी गोष्ट हातात घेऊन, आणि आर्डिसनं काय करायचं तर गोष्ट पुरी करून तिला वाटेला लावायचं.

तिनं दोन्ही नावं पुसली आणि लिहिलं: ‘मुखपृष्ठाचा रंग आठवतो का?’

लिहून पाठवल्यावर तिचे कान तापले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

उत्तर वीस मिनिटांत आलं, तेवढ्या वेळात तिनं कॉफी केली आणि प्यायची विसरली. ‘हिरवं. वरचा कोपरा जळलेला होता. ते पेटलं तेव्हा वाचणारी बाई खूप हसली होती आणि बाबा चिडले होते.’

वाचणारी बाई. म्हणजे मी… आणि हसले होते? तिला ते निराळंच आठवत होतं. तळं गोठलं की ड्वेन, जनेलचा बाप, आपलं लाकडी खोपटं ट्रकनं बर्फावर ओढून न्यायचा, बर्फाला भोक पाडायचा आणि शनिवारचा अख्खा दिवस त्या भोकात गळ सोडून बसायचा. आत जेमतेम तीन माणसं मावायची, मध्ये केरोसीनचा स्टोव्ह. ती आणि पोरगी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. पुस्तक फक्त तिथेच वाचायचं, घरी नाही, हा जनेलचा हट्ट. एक दिवस पान उलटता उलटता पुस्तक स्टोव्हवर पडलं, ड्वेन ओरडला, मासे पळाले म्हणाला, आणि आर्डिस घाबरली होती, कारण त्या हिवाळ्यात त्याचं ओरडणं घरभर तास तास चालायचं. ती हसली असेल तर भीतीनं. पण पोरीच्या मनात ती हसलीच होती. हे आपल्याला कसं कळलं असतं, तिच्या मनात आलं, जर रंग विचारला नसता?

फोन वाजला. वेंडल. कॅनडात समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात राहणारा हा निवृत्त पोस्टमन तिनं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण आठवड्यातून तीनदा भांडण व्हायचंच.

“आर्डिस? जिवंत आहेस ना?”

“आहे.”

“नाही म्हटलं, पियानोवाला कालपासून ताटकळतोय आणि तू त्याच्या पुस्तकाचा रंग विचारत बसलीयस. बायकोला म्हटलं, गेली बहुतेक. फुलं पाठवावीत का?”

“रंगावरून सापडतात कधीकधी.”

“हे तू मला सांगतेस? ‘हिरवं पुस्तक मागणाऱ्याला भाजीच्या दुकानात पाठवा,’ हे वाक्य कुणाचं?”

“माझंच.”

“मग?” तो जरा थांबला. “खरंच माहीत नाही तुला?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला झालं – हा थांबला का, याला वास लागला का. “आठवत नाहीये,” ती म्हणाली.

“वय झालं बाई तुझं. ठीक आहे. जेवलो की जुने कॅटलॉग काढतो. पाचच्या आत नाही शोधलं तर वेंडल नाव लावणार नाही, आणि मग वर्षभर ऐकून घ्यायचं, सांगून ठेवतो.”

पाच म्हणजे तिच्या घड्याळात तीन. वेंडलकडचे कॅटलॉग तिला माहीत होते. प्रकाशकांचे, सालवार लावलेले. १९८७ च्या मागे पाच-सहा वर्षं चाळली की हे पुस्तक त्याला सापडणारच, खुळा असला तरी चिकट आहे. तिला त्याचा राग आला. मग राग त्याचा नाही हेही कळलं, पण तेवढ्यानं तो गेला नाही.

साडेअकराला वरच्या मजल्यावरची लव्हॉन भोपळ्याच्या वड्या घेऊन आली. लव्हॉन दर मंगळवारी काहीतरी भाजायची आणि मग ते खायला माणसं शोधत जिना उतरायची. ती बसली, कोट काढून, म्हणजे तासभर बसणार होती.

“थँक्सगिव्हिंगला लेक-जावई येत नाहीयेत,” ती म्हणाली. “सासूकडे जाणार म्हणे. तिच्या सासूकडे. मी काय टर्की एकटीनं खाऊ? पंचवीस पौंडांची?”

“लहान घे.”

“लहान घेतली की येतील, बघ. तशीच आहे ती. तुझं बरंय आर्डिस, पोरंबाळं नाहीत, कुणाची वाट बघायला नको.”

या वाक्याला आर्डिसचं उत्तर ठरलेलं होतं, डॉक्टरच्या फॉर्मवरसुद्धा ती तेच लिहायची – नाहीत. सहा वर्षं रोज सकाळी एका पोरीच्या वेण्या घातल्या, तिच्या कांजिण्यांत रात्री जागले, तिचा पडलेला दात उशीखालून काढून तिथे नाणं ठेवलं, ते लिहायला फॉर्मवर जागा नसते. सावत्र आई हा शब्ददेखील घटस्फोटाच्या कागदावर सही होईपर्यंतचा. पुढे काय म्हणायचं, ते वकिलालाही माहीत नव्हतं. सावत्र आईला मागण्यासारखं फारसं काही नसतं, एवढंच तो म्हणाला होता.

“एक होती,” आर्डिस म्हणाली.

लव्हॉनचा हात वडीवर थांबला. “गेली?”

“नाही. मी गेले.”

लव्हॉननं तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. पार्किंगमध्ये कुणीतरी पानं गोळा करत होतं. “बरं,” ती म्हणाली, आणि ताटली पुढे सरकवून, “अजून एक घे गं, छोटी आहे.” ताटलीत शेवटची वडी उरली तेव्हा आर्डिसनं तिचा अर्धा भाग कापून घेतला, मग लव्हॉननं उरलेल्याचा अर्धा, आणि तो शेवटचा तुकडा कुणाचाच नाही म्हणून तिथेच राहिला. लव्हॉन गेल्यावर आर्डिसनं तो उभ्या उभ्या खाल्ला आणि संगणकापुढे येऊन बसली.

आता तिला विचारायचं होतं ते तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. ती बाई कशी होती? – हे काय विचारणं झालं. ती बाई आठवते का? – त्याहून वाईट. त्या बाईवर तुमचा राग आहे का… पुस्तक शोधायला याचा काय उपयोग, म्हणून कुणीही विचारेल, वेंडल तर पहिला. पण टेबलामागं एकतीस वर्षं बसलेल्या बाईला कारणं सुचतात. ‘वाचून दाखवणाऱ्या बाईंविषयी काही सांगता येईल का?’ तिनं लिहिलं. ‘त्या काय करत, ते कळलं तर पुस्तक कुठून आलं असेल याचा अंदाज येतो. आणि त्या खोपटात आणखी कोणती पुस्तकं वाचल्याचं आठवतं?’ एकदा वाचून पाहिलं. व्यवस्थित होतं, कोरडं, ग्रंथपालाला शोभेल असं. तिनं पाठवलं.

मग काही नाही. एक वाजला, दीड वाजला. तिनं दोन मालिकांचे क्रम दुरुस्त केले, एका लेखकाच्या नावापुढे मृत्यूचं साल घातलं. एकदा उठून कपाटापर्यंत गेली, टेबलक्लॉथ वर केलं, पुस्तक बाहेर काढलं नाही. त्या वर्षी बर्फ लवकर मऊ झालं होतं. खोपटी काढा म्हणून तळ्यावर फर्मान आलं आणि ड्वेननं शुक्रवारीच ते ओढून आणलं, एक प्रकरण उरलेलं असताना. जनेल म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात. तेरा पानं. आर्डिसला वाटायचं दहा वर्षांच्या पोरीला एवढा धीर असतो कुठून, आणि आपण तोवर या घरात असणार नाही हे तिला माहीत होतं, आणि ती म्हणाली होती, चालेल, पुढच्या हिवाळ्यात. मार्चच्या शेवटी तिनं खोकी भरली. पुस्तक त्यातल्या एका खोक्यात गेलं. ग्रंथालयाचं नव्हतं, तिचं होतं, म्हणून गेलं… पोरीकडे ठेवता आलं असतं. ते शेवटचं प्रकरण तिनंही वाचलं नाही. हजारो पुस्तकं वाचली, त्यात खुनी माहीत नसलेलं हे एकच.

सव्वादोनला उत्तर आलं. लांब होतं.

‘वाचायची ती बाबांची दुसरी बायको. ग्रंथालयात कामाला होती. तिचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण आवाज आठवतो. मालकिणीचं नाकातलं बोलणं ती इतकं झकास करायची की बाबा गळ सोडून हसत. ती गेली तेव्हा बाबांनी सांगितलं, तिला लिहावंसं वाटलं तर लिहील, पत्ता तिच्याकडे आहे. मी दोन वर्षं शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी पत्रपेटी बघायची. मग बंद केलं. आता राग वगैरे नाही. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला ही गोष्ट सांगत सांगत शेवटापर्यंत आणली आणि अडकले, एवढंच. तिनंही चिठ्ठी लिहून ठेवलीय. आणखी एक. खोपटाचं मी कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हांला कसं कळलं?’

आर्डिसनं पान वर सरकवलं. पहिला मजकूर वाचला, रंगाचं उत्तर वाचलं. खोपटं नव्हतं. बर्फ नव्हतं, तळं नव्हतं. मग आपला प्रश्न वाचला, त्यात ते होतं. गुन्हेगार नको ते एक वाक्य जास्त बोलतो आणि सापडतो – या युक्तीनं संपणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल ती नेहमी म्हणायची की लेखकाला कंटाळा आला होता. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण तिची नजर परत वर गेली होती, पत्रपेटीच्या वाक्यावर.

पत्ता तिच्याकडे आहे. असं ड्वेन म्हणाला? ड्वेन तर म्हणाला होता, पोरीला आता त्रास देऊ नकोस, विसरू दे तिला. सदतीस वर्षं ती हेच सांगत आली होती, बहिणीला, वकिलाला, ग्रंथालयातल्या मैत्रिणींना, आणि ऐकणारा प्रत्येक जण मान हलवून म्हणायचा, कसला माणूस. ती डोळे मिटून बसली. घरासमोरचा चिखल. मार्चचा शेवट. ड्वेनच्या हातात तिचा दिवा होता, टेबलावरचा, छत्रीसकट, तो मागच्या सीटवर कसा ठेवावा ते त्याला समजत नव्हतं. त्यानं तो शेवटी तिच्या कोटावर आडवा ठेवला. मग दार लावलं आणि म्हणाला… ओरडला नाही. त्या दिवशी तो ओरडलाच नव्हता, हे तिला आता इतकं स्पष्ट दिसलं की तिनं डोळे उघडले. तो म्हणाला होता, “आमचा पत्ता तोच आहे, आर्डिस.”

आणि त्यावर मी म्हणाले, “तिला विसरू दे. मी त्रास देणार नाही.”

माझं वाक्य. ते बोलताना आपला आवाज किती शांत, किती शहाणा लागला, हेही आठवलं; गाडी चालवत तळ्याच्या वळणापर्यंत ती त्या आवाजावर खूश होती. ड्वेन वाईट होता, ओरडायचा, त्यात खोटं काही नव्हतं. पण हे त्यानं केलेलं नव्हतं. एक पाकीट, एक तिकीट, चार ओळी. कुणी अडवलं होतं? ती भ्याली होती – पोरीनं उत्तर पाठवलं तर पुन्हा उत्तर द्यावं लागेल, नाही पाठवलं तर तेही बघावं लागेल, त्यापेक्षा ड्वेनला वाईट ठरवणं सोपं होतं. आणि तिकडे एक पोरगी पाठीवर दप्तर घेऊन पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडत होती.

अडीच झाले. वेंडल आता कॅटलॉगांत बुडालेला असणार. आर्डिसनं उत्तराचा चौकोन उघडला. आणखी एखादा प्रश्न विचारता आला असता, अजूनही. खोपटाचंही काहीतरी सांगता आलं असतं, थंडीच्या प्रदेशात लोक असं वाचतात, अंदाज केला, वगैरे, आणि ते चाललंही असतं. कारणं सुचत होती. एकामागून एक सुचत होती आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत होती, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

तिनं पुस्तकाचं नाव लिहिलं, लेखिकेचं लिहिलं, साल लिहिलं. खाली लिहिलं: ‘पुस्तक माझ्याकडे आहे. शेवटचं प्रकरण मीही वाचलेलं नाही. पत्र लिहू नको असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.’ वेबसाइटवर ती ‘संदर्भ टेबल’ या नावानं लिहायची, ते खाली आपोआप उमटलं. त्याच्यावर तिनं टाइप केलं, आर्डिस. आणि पाठवून दिलं.

हिरवी खूण पडली. तिला लाज वाटत होती. एवढी वर्षं ती दुसऱ्याची म्हणून सांगत आलेली, लोकांना दाखवत आलेली ही लाज तिची स्वतःची निघाली होती, आणि आता ती कुणाला दाखवता येणार नव्हती. उत्तर येईल, न येईल. ती खुर्चीवरून उठली नाही.